साडभाऊंचे दोन पॉइंट

हे लिहायचं मी गेली सोळा वर्षं टाळत आलो. आधी वाटायचं, साडभाऊंना राग येईल. मग वाटायचं, घरात बायकोला तोंड कसं दाखवू. पुढे पुढे तर मी स्वतःची अशी समजूत घातली, की एवढ्या जुन्या गोष्टीचं आता कोणाला काय पडलंय. पण मला चौऱ्याहत्तरावं लागलं, आणि या वयात टाळायलासुद्धा फार दिवस शिल्लक नसतात. तेव्हा सांगून टाकतो. आमच्या साडभाऊंइतका पट्टीचा हरणारा माणूस वर्धा जिल्ह्यात झाला नाही, अशी त्यांची कीर्ती आहे. आर्वीच्या बसस्थानकापासून तळेगावच्या बाजारापर्यंत कोणालाही विचारा, तो आधी हसेल आणि मग त्यांच्या हरण्याची एखादी गोष्ट सांगेल. ही कीर्ती जवळजवळ खरी आहे. जवळजवळ म्हणतो, कारण एका ठिकाणी ती साफ खोटी आहे, आणि ते खोटं माझ्या हातचं आहे, माझ्या वळणदार अक्षरातलं आहे.

साडभाऊ म्हणजे माझ्या धाकट्या मेहुणीचे यजमान, माझ्याहून दोन वर्षांनी लहान, एसटीत कंडक्टर. अंगानं असे बारीक, की खांद्याला तिकिटांची पेटी अडकवली की पेटीनंच त्यांना धरून ठेवलंय असं वाटावं. पण नजर मोठी जबर. चालत्या गाडीत मागच्या दारापासून पुढच्या दारापर्यंत नुसती मान फिरवायचे आणि म्हणायचे, "त्रेपन्न." मोजून पाहिलं तर त्रेपन्नच भरायचे, बायांच्या कडेवरची पोरं धरून. तीस वर्षांत त्यांच्या तिकिटांचा आणि माणसांचा मेळ एकदाही चुकला नाही. तपासणीला येणारे साहेब त्यांची गाडी वरवर पाहून सोडून द्यायचे. अशा या हुशार माणसाला एकच खोड होती. जगात कुठेही दोन बाजू दिसल्या, की ते हरणारी बाजू हुडकून काढायचे आणि तिच्या वतीनं शर्त लावून मोकळे व्हायचे.

निवडणुकीत तर त्यांची दहशत होती. साडभाऊंनी ज्याच्या खांद्यावर हात ठेवला, त्याचं डिपॉझिट गेलंच म्हणून समजा. एकदा नगर परिषदेच्या निवडणुकीला उभा राहिलेला एक उमेदवार सकाळीच त्यांच्या दारात आला आणि हात जोडून म्हणाला, "भाऊ, मोठे उपकार होतीन, यंदा तुमी दुसऱ्याले पाठिंबा द्या." साडभाऊंनी त्याला चहा पाजला आणि गंभीरपणे विचारलं, "काऊन बे, जिंकून राह्यला का तू?" तो म्हणाला, "वाटते तसं." साडभाऊ म्हणाले, "मंग तसाही मी तुह्या कामाचा नाई. जा बिनघोर." तो माणूस इतका खूश झाला, की जाताना त्यांच्या पाया पडला. शंकरपटाला, म्हणजे बैलांच्या शर्यतीला, गेले तर पंचवीस जोड्यांमधून हाडं मोजता येतील अशी बैलजोडी निवडायचे. त्यांच्या एका लाडक्या जोडीनं तर अर्ध्या वाटेत पट सोडला आणि सरळ शेजारच्या तुरीत शिरून चरायला सुरुवात केली. सगळं मैदान हसत होतं, आणि साडभाऊ धोतर सावरत तुरीतून पळत होते, बैलांना म्हणत होते, "शाबास! भुकेजले होते रे, कोनी इचारलं नाई तुमाले." बाजारात ज्याच्या ढिगाकडे कोणी फिरकत नाही त्याचीच संत्री घ्यायचे. घरी आणली की माझी मेहुणी एक एक संत्रं हातात घेऊन बघायची आणि कपाळाला हात लावायची. ती मला एकदा म्हणाली होती, "भाऊजी, या मानसाची खोड समजल्यापासून मले एकच कोडं पडलं हाय. पाहाले आले तवा यायनं मलेच काऊन पसंत केलं?" याचं उत्तर साडभाऊंकडे असावं, पण ते त्या वेळी अंगणात तीच संत्री निवडण्यात गुंतले होते.

मी एकदा त्यांना सरळ विचारलं, की हे असं का? त्यांनी मला कंडक्टरच्या भाषेत समजावून सांगितलं. "भाऊ, जितनाऱ्याची गाडी नेहमी फुल्ल राह्यते. उभं राहाले जागा नाई. हारनाऱ्याची गाडी रिकामी. आरामात बसा, खिडकी भेटते." "पण ती गाडी पोचत नाही ना साडभाऊ," मी म्हणालो. "कोन्ती गाडी टायमावर पोचते, भाऊ? मी तीस वर्षं झाले पाहून राह्यलो," ते म्हणाले, आणि या मुद्द्यावर एसटीच्या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नव्हता.

त्यांच्या शर्तीचे दोन नियम होते. पहिला, पैसा लावायचा नाही. पैशाची शर्त म्हणजे जुगार, ते म्हणायचे. शर्त लावायची ती आपल्या अब्रूची. म्हणून ते कधी अर्धी मिशी लावायचे, कधी महिनाभराची चहातली साखर, कधी बसस्थानकापासून घरापर्यंत उलट्या पावलांनी चालत जाणं. हरले की सगळं चुकतं करायचे. अर्ध्या मिशीनं त्यांनी आठ दिवस आर्वी–वर्धा ड्यूटी केली आहे, आणि त्या आठ दिवसांत एकाही प्रवाशानं सुट्ट्या पैशांवरून भांडण काढलं नाही. दुसरा नियम असा, की निकालाबद्दल बोलायचं नाही. पंच चुकला, बैल बुजला, मतं फुटली, असली भाषा त्यांच्या तोंडी मी कधी ऐकली नाही. "हारलं त हारलं," एवढंच. हा दुसरा नियम ध्यानात ठेवा. मी तो नेमका ऐन वेळी विसरलो.

त्यांचे कायमचे प्रतिस्पर्धी म्हणजे चौकातले बियाण्यांचे दुकानदार. त्यांना सगळे शेठ म्हणत. शेठ जन्मात कधी हरले नव्हते, कारण ज्याचं जिंकणं ठरलेलं आहे त्याच्यावरच ते बोलत. जिंकणाऱ्याची बाजू घ्यायला अक्कल लागते असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ही अक्कल गावातल्या बहुतेक प्रतिष्ठित माणसांना असल्यामुळे शेठना मान होता.

मी त्या वेळी आर्वीतल्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. कॉलेजचं नाव लिहीत नाही, दोष माझा आहे. त्या वर्षी आंतरमहाविद्यालयीन बास्केटबॉलचे सामने आमच्याकडे होते आणि पहिल्याच दिवशी आमची गाठ पडली तळेगाव रोडवरच्या एका नव्या कॉलेजशी. त्या कॉलेजला इमारत नव्हती, मग मैदान कुठून असणार? पोरं एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या आवारात सराव करत. रिंग ठोकली होती शेडच्या भिंतीवर, पत्र्याच्या छपराखाली. चेंडू उंच मारला की पत्र्याला धडकायचा. त्यामुळे ती सगळी पोरं चेंडू सपाट मारायला शिकली होती, पेरू पाडायला दगड मारावा तसा. आमची पोरं नवे बूट आणि नवे गणवेश घालून होती. त्यांचं एक पोरगं बूट नीट बसत नाहीत म्हणून अनवाणी खेळत होतं.

सामन्याच्या आदल्या दिवशी चहाच्या टपरीवर शेठनी मोठ्यानं विचारलं, "काय कंडक्टर साहेब, उद्या कोनाची गाडी?"

"हे काय इचारनं झालं, शेठ? तळेगाववाल्याची."

"बावा, तुमी हारून हारून आमाले जिंकाचा कंटाळा आनला," शेठ म्हणाले. टपरी हसली. "आता एक शेवटची लावू. तुमी हारले त उद्यापासून शर्त बंद. जन्माची. कोनाची बाजू घ्याची नाई, कोनासाठी उभं राहाचं नाई. चार लोकायसारखं राहाचं."

"अन् तुमी हारले त?"

"त मी उद्यापासून हारनाऱ्याकडून. जन्मभर."

टपरी पुन्हा हसली, पण साडभाऊ हसले नाहीत. मिशी उगवते, साखर परत पडते. हे मागणं वेगळं होतं. त्यांनी कपातला चहा शेवटपर्यंत प्याला, कप पालथा घातला आणि म्हणाले, "मंजूर." मी तिथेच होतो. मला बरं वाटलं. आता यांची खोड जाईल आणि मेहुणी सुखानं संत्री खाईल, असं मनात आलं होतं हे कबूल करतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी सामन्याला मी स्कोअरर होतो. मला बास्केटबॉल कळत होता म्हणून नव्हे, अक्षर चांगलं होतं म्हणून. आमच्या कॉलेजात कमिट्या अठरा होत्या आणि माणसं तीच पाच, त्यामुळे मी सत्कार समितीचा निमंत्रकही होतो. माझ्या शेजारी घड्याळ घेऊन बसलेले वाणिज्यचे प्राध्यापक सूत्रसंचालनही करत होते. आकड्यांच्या पाट्या फिरवणाऱ्या शिपायाकडेच नारळाचं ताट होतं.

सामना आम्ही मध्यंतरापर्यंतच खिशात घालू अशी सगळ्यांची खात्री होती. पण ती पेरू पाडणारी पोरं काही ऐकेनात. सपाट चेंडू यायचा, बोर्डावर खाडकन आदळायचा आणि आत जायचा. लोक आधी हसले, मग हसायचे थांबले. शेवटची चार-पाच मिनिटं राहिली तेव्हा आम्ही छत्तीस, ते पस्तीस. आणि नेमके त्याच वेळी प्रमुख पाहुणे आले. दीड तास उशिरा आल्यामुळे ते फार प्रसन्न होते. पंचांनी शिट्टी तोंडाला लावली, तर पाहुणे हात हलवत म्हणाले, "चालू द्या, चालू द्या. खेळ थांबला नाही पाहिजे." म्हणून खेळही थांबला नाही आणि सत्कारही थांबला नाही. प्राचार्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. मी पेन ठेवलं आणि शाल उचलली. घड्याळवाले प्राध्यापक माइकवर पाहुण्यांच्या कार्याचा आढावा घेऊ लागले. शिपाई ताट घेऊन पुढे झाला. तळेगावच्या संघाबरोबर आलेल्या इतिहासाच्या सरांनाही गुलाब देण्यासाठी मंचावर बोलावलं, तेही लाजत लाजत वर आले. ज्यांच्याकडे कॅमेऱ्याचे मोबाइल होते त्यांनी ते पाहुण्यांकडे वळवले. मी शाल पाहुण्यांच्या खांद्यावर टाकली, आणि माझ्या पाठीमागे मोठा आवाज उठला, टाळ्या आणि आरडाओरडा. मला वाटलं, शालीला टाळ्या पडल्या. मी पाहुण्यांकडे बघून हसलो, पाहुणे माझ्याकडे बघून हसले.

परत जागेवर येऊन मी पेन उचललं. पुढे आमचा एक बास्केट झाला, त्यांचाही एक झाला, दोन्ही मी व्यवस्थित लिहिले. घड्याळ संपलं. पुस्तकात आम्ही अडतीस होतो, ते सदतीस.

आमच्या पोरांनी एकमेकांना उचललं. तिकडची पोरं आपसात बोटं मोजत उभी होती. गर्दीतून साडभाऊ आले आणि माझ्या टेबलासमोर उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी निकालाबद्दल तोंड उघडलं, तेही खालच्या आवाजात, माझी अडचण होऊ नये म्हणून.

"भाऊ, दोन पॉइंट लिहाचे राह्यले तुमचे."

"कोणते?"

"तुमी शाल घालून राह्यले होते न, तवा. सात नंबरच्या पोट्ट्यानं मारला. पंचानं दोन बोटं बी दाखोले तुमच्याकडे. मी मोजून राह्यलो होतो."

मी पंचांकडे बघितलं. पंच मंचावर पाहुण्यांच्या शेजारी फोटोसाठी उभे होते. प्राचार्यांच्या हातात विजयी संघासाठीचा गुच्छ होता. पाहुण्यांना पुढच्या कार्यक्रमाला जायची घाई होती. मी पुस्तकाचं पान बोटानं वरपासून खालपर्यंत तपासलं, जणू न लिहिलेली गोष्ट तपासल्यानं सापडते. आणि म्हणालो, "पुस्तकात नाही, साडभाऊ."

त्यांनी एकदा पानाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "तुमी लिह्यलं नाई म्हनता म्हनजे झालं नसन," ते म्हणाले. "मलेच दिसलं असन जास्तीचं." मग ते वळून शेठकडे गेले. शेठनी विचारलं, "काय मंग, कंडक्टर साहेब?" साडभाऊ म्हणाले, "काई नाई शेठ. हारलं त हारलं. आजपासून बंद."

चार दिवसांनी फोटोग्राफर सत्काराचे फोटो घेऊन माझ्याकडे ग्रंथालयात आला. फोटो झकास आला होता. पाहुणे, शाल, माझं हसू. आणि पाहुण्यांच्या उजव्या कानामागे बोर्ड, रिंग, जाळीत अर्धा उतरलेला चेंडू, आणि खाली हात अजून वर असलेला, अनवाणी, सात नंबरचा मुलगा. फोटोत आलेल्या प्रेक्षकांत एकच माणूस पाहुण्यांकडे बघत नव्हता; ते साडभाऊ, सगळ्यांत मागे, बोट वर करून मोजत होते. मी तो फोटो दोनदा पाहिला. फोटोग्राफर म्हणाला, "सर, वार्षिक अंकाले हाच देऊ ना?" मी म्हणालो, "हाच. पण मागचं फार दिसतंय. तेवढं काप." त्यानं इतकं कापलं, की अंकात पाहुण्यांचा उजवा कानही अर्धाच आला. त्याबद्दल प्राचार्य मला बोलले. बाकी कशाबद्दल कोणी काही बोललं नाही. आमचा संघ पुढच्या फेरीत तीस पॉइंटनी हरला, आणि स्नेहसंमेलनात "अचूक व निःपक्ष गुणलेखना"बद्दल माझाच शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. त्या वेळी टाळ्या खरोखरच शालीला पडल्या.

साडभाऊंनी शब्द पाळला. ते चार लोकांसारखे झाले. निवडणुकीत कोणाच्या दारात दिसेनात, शंकरपटाला जाईनात, संत्री रांगेत उभं राहून चांगली आणू लागले. गावानं सुटकेचा निःश्वास टाकला. शेठ सगळ्यांना सांगत, मानूस सुधरला. फरक कुठे पडला म्हणाल, तर पुढच्या निवडणुकीत चार मतांनी पडलेला एक उमेदवार मोजणीहून एकटाच पायी घरी जाताना मी पाहिला. पूर्वी अशा माणसाच्या सोबत, त्याला गाडीतल्या खिडकीच्या गोष्टी सांगत, साडभाऊ असायचे.

मी सांगायला गेलो नाही असं नाही. एकदा अक्षय्य तृतीयेला ठरवून गेलो. पण दारातच मेहुणीनं मला पाटावर बसवलं, पुरणपोळी वाढली, वर तुपाची धार सोडली आणि डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "भाऊजी, तुमी त्या दिवशी नात्याले भुलले नाई, जे झालं तेच लिह्यलं, म्हनून माह्यं घर मार्गी लागलं." तोंडात घास असताना अशा वेळी माणसानं काय बोलावं? मी दुसरी पोळी घेतली. साडभाऊ शेजारीच जेवत होते. ते म्हणाले, "भाऊचं अक्षरच तसं हाय. त्यात चुकी कुठून दिसन?"

दुसरी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. निवृत्तीला वर्षभर राहिलं असताना त्यांनी गाडीत नजरेनं मोजायचं सोडून दिलं. एकेका सीटला हात लावून मोजायचे, पुन्हा मागे जाऊन मोजायचे, गाडी खोळंबून राहायची. ड्रायव्हरनं विचारलं तर म्हणायचे, "डोयाचा भरवसा नाई राह्यला बावा. दिसत नाई ते बी दिसते मले." डेपोत त्याचीही गंमत झाली. मी ती गंमत ऐकली, हसलो, आणि घरी येऊन कपाटात लपवलेला तो न कापलेला फोटो काढून पाहिला आणि परत पुस्तकाखाली सरकवून ठेवला.

गेल्या वर्षी त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. मी भेटायला गेलो. डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून ते खाटेवर बसले होते. माझ्या पावलांच्या आवाजावरून त्यांनी मला ओळखलं. ते खुशीत होते. "या भाऊ. डॉक्टर म्हनते, आता समदं साफ दिसन. मी म्हनलं, साहेब, साफ कराले तुमी लय उशीर केला. आमाले त्या मॅचमधीच दोन पॉइंट जास्तीचे दिसले होते." आणि ते स्वतःवरच इतके मनापासून हसले, की पट्टी सरकली. मी उठून ती नीट बसवली. माझी बोटं त्यांच्या कपाळावर होती, खोलीत दुसरं कोणी नव्हतं, आणि शब्द माझ्या ओठांशी आले होते. तेवढ्यात मेहुणी चहा घेऊन आली. मी चहा घेतला. जाताना दारात चपला घालून मी मागे वळलो. त्यांनी आवाजाच्या रोखानं मान केली.

"काय भाऊ? काई सांगाचं होतं का?"

"नाही," मी म्हणालो. "जपा डोळ्यांना."

पोळ्याच्या आधी ते गेले. एका सकाळी गेले, कोणाला काही त्रास न देता, कोणाकडे काही न मागता.

सांगायचं होतं, साडभाऊ. तुमचे डोळे बरोबर होते. तो बास्केट झाला होता, मी पाठ करून उभा होतो. तळेगावची पोरं जिंकली, तुम्हीही जिंकलात. मला ते चार दिवसांत कळलं, आणि मी ते कापून टाकलं. माझं चुकलं. मला माफ करा.